मैदान आखणारे हात : गहुंजे, बालेवाडी आणि पवनेचे पाणी

१.
गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाला दोन टोके आहेत. एकाचे नाव पॅव्हेलियन एंड, दुसऱ्याचे हिल एंड. एक नाव इमारतीवरून आले, दुसरे डोंगरावरून. या दोहोंच्या मधले हिरवे वर्तुळ कोणी आखले, हे मात्र तेथे सामना पाहायला जाणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील मैदाने, ती आखणारी माणसे आणि त्या मैदानांना लागणारे पाणी, हा या धाग्याचा विषय आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
मैदानांची नावे कोणाच्या वाट्याला येतात, हे पाहण्याजोगे असते. ब्रेबर्न हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे नाव, वानखेडे हे क्रिकेट प्रशासकाचे. गहुंज्याचे मैदान १ एप्रिल २०१२ रोजी समारंभपूर्वक खुले झाले तेव्हा त्यावर सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव होते. पुढच्याच वर्षी ते उतरवले गेले. गव्हर्नर, प्रशासक, प्रायोजक या सर्वांना मैदानाच्या दर्शनी भिंतीवर जागा मिळते. मैदानाची रचना करणाऱ्याला ती क्वचितच मिळते.

३.
या नियमाला एक खेळ अपवाद आहे : गोल्फ. गोल्फच्या जगात कोर्सची ओळख सांगताना रचनाकाराचे नाव आधी घेतले जाते. हा कोर्स हॅरी कोल्टचा, तो ॲलिस्टर मॅकेन्झीचा, असे खेळाडू सहज बोलतात. याचे कारण खेळाच्या स्वरूपात आहे. धावण्याच्या शर्यतीचा मार्ग ४०० मीटरचाच हवा. तेथे रचनाकाराला स्वातंत्र्य नाही. क्रिकेटमध्ये खेळपट्टी २२ यार्डांची ठरलेली, सीमारेषेला थोडी मोकळीक. गोल्फमध्ये मात्र चढ, उतार, वळण, तळे, झाड, वाळूचा खड्डा हे सारे रचनाकाराच्या मर्जीवर असते. तेथे जमीन हाच प्रतिस्पर्धी असतो. म्हणून तो प्रतिस्पर्धी घडवणाऱ्याचे नाव विसरले जात नाही.

४.
गंमत अशी, की मुळात गोल्फलाही रचनाकार नव्हता. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेते यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांची पडीक पट्टी असे. तिच्यात नांगर चालत नसे. मेंढ्या चरत आणि लोक खेळत. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली, कारण या खेळापायी धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष होत होते. सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्स शतकानुशतके पावलांनी, मेंढ्यांनी आणि वाऱ्याने घडत गेला. वाळूमुळे पाणी साचत नसे आणि पावसामुळे गवत सुकत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिस (१८२१-१९०८) गावोगावी जाऊन कोर्स आखून देऊ लागला आणि जमीन आखणे हा एक व्यवसाय बनला.

५.
या व्यवसायातील सर्वांत विलक्षण माणूस बहुधा मॅकेन्झी. तो पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर तो दक्षिण आफ्रिकेत गेला. बोअर शेतकरी मातीचे खंदक असे बेमालूम खणत, की समोरच्या तोफखान्याला ते दिसतच नसत. मातीने डोळ्याला कसे फसवावे, याचा धडा मॅकेन्झीने तेथे घेतला आणि पुढे तो गोल्फच्या मैदानांवर वापरला. बॉबी जोन्सच्या साथीने त्याने आखलेला अमेरिकेतील ऑगस्टा येथील कोर्स १९३३ मध्ये खुला झाला. युद्धातली विद्या अशा वाटेने खेळात आली.

६.
चाकणच्या मातीला ही विद्या नवी नाही. आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाणारे चाकण सतराव्या शतकात ओळखले जाई ते संग्रामदुर्ग या भुईकोटामुळे. डोंगरी किल्ल्याला निसर्ग उंची देतो. भुईकोटाला सपाटीवर स्वतःच अडथळा निर्माण करावा लागतो. त्यासाठी भोवती खंदक खणला जातो आणि वाट वळवली जाते. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याला सुमारे ५५ दिवस रोखून धरले. अखेरीस सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. त्या दिवसांत पाऊस आणि खंदक हे शिबंदीचे मित्र होते. माती खणून आणि पाणी अडवून सपाटीला लढते करायचे, हे काम ज्यांनी केले त्यांची नावे मात्र उरलेली नाहीत.

७.
गोल्फ भारतात आला तो इंग्रजांबरोबर. १८२९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. बंगालमध्ये पाणी मुबलक. पण हा खेळ कोरड्या प्रदेशातील लष्करी छावण्यांत पोहोचला तेव्हा अडचण उभी राहिली. आठ महिने पाऊस नसलेल्या जमिनीवर हिरवेगार, मऊ गवत आणायचे कोठून? तेथे एक साधा तोडगा निघाला. भोकाभोवतीच्या गवताळ भागाला इंग्रजीत ग्रीन म्हणतात. छावण्यांनी तेथे गवत लावलेच नाही. वाळूत तेल मिसळून ती चोपली आणि तिला ब्राऊन असे नाव दिले. एकाचा खेळ झाला की फळी ओढून वाळू पुन्हा सारखी करायची.

८.
ब्राऊन हा शब्द आज काहीसा हिणवण्याच्या सुरात वापरला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. स्कॉटलंडचा खेळ भारताच्या कोरड्या भूमीवर आला तेव्हा त्याने येथील पावसाशी केलेली ती तडजोड होती. पुढच्या काळात पंप, धरणे आणि पाइप आले आणि तडजोडीची गरज संपल्यासारखी वाटू लागली. ती खरोखर संपली का, हा प्रश्न या धाग्यात पुढे पुन्हा येणार आहे.

९.
महाराष्ट्रात गोल्फची एक खूण अनपेक्षित ठिकाणी सापडते. नाशिकचे क्रिकेटप्रेमी ज्याला आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी त्यांना ठाण्यात फाशी झाली. त्यांच्या नावाच्या मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने झाले आहेत. साहेबांच्या खेळाचे नाव बोलीत राहिले, हुतात्म्याचे नाव पाटीवर आले. जमीन तीच राहिली आणि तिच्यावरील खेळ व नावे बदलत गेली.

१०.
स्वातंत्र्यानंतर भारतात गोल्फच्या रचनेवर मोठा ठसा उमटवला तो ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनी. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूने १९७० च्या दशकात दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सची नव्याने आखणी केली. त्या आवारात मोगलकालीन कबरी आणि घुमट उभे आहेत. खेळाडू चेंडू मारतो आणि पलीकडे लाल दगडाची वास्तू दिसते. जमिनीवर आधीपासून जे आहे त्याला सामावून घेत रेषा ओढायची, हा चांगल्या रचनाकाराचा पहिला गुण दिल्लीत दिसतो. हाच निकष मनात ठेवून आता पवना आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्याकडे वळावे.

११.
पिंपरी-चिंचवडचा आधुनिक इतिहास कारखान्यांपासून सांगितला जातो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. या सगळ्याला पाणी पुरवले ते मुख्यतः पवनेने. मावळातील पवना धरणातून नदीत पाणी सोडले जाते, ते वाहत खाली येते आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ उपसून शहराला दिले जाते. गहुंजे याच वाटेवर आहे. धरण ते बंधारा या प्रवाहाच्या काठावर पुढे एक क्रिकेट मैदान उभे राहणार होते.

१२.
त्याआधी या पट्ट्यात जमिनीची एक वेगळीच रचना झाली. १९६० च्या दशकात टेल्कोने पिंपरीत कारखाना उभारायला घेतला. त्याचे सूत्रधार सुमंत मुळगावकर (१९०६-१९८९). टाटा सुमो या गाडीच्या नावात त्यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे आहेत, हे अनेकांना माहीत असते. त्यांनी त्या उजाड माळावर कारखान्याच्या उभारणीबरोबरच हजारो झाडे लावून घेतली आणि तळे निर्माण केले, हे कमी जणांना माहीत असते. आवारातील ते तळे सुमंत सरोवर म्हणून ओळखले जाते आणि तेथे पक्षी येतात. मुळगावकर अभियंता होते, भूदृश्यरचनेचा त्यांचा पेशा नव्हता. तरी आधी पाण्याची सोय, मग हिरवळ हा क्रम त्यांनी पाळला. या पट्ट्यातील पुढच्या प्रत्येक मैदानाला लावून पाहावा असा हा मापदंड आहे.

१३.
आता मैदानांकडे. महाराष्ट्रातील क्रीडावास्तूंच्या इतिहासात एक मराठी नाव पुन्हा पुन्हा येते : वास्तुविशारद शशी प्रभू. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रेबर्न स्टेडियमचे मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून वाद पेटला. शेषराव वानखेडे यांनी स्वतःचे स्टेडियम उभारण्याचा निश्चय केला. चर्चगेटजवळ रेल्वेच्या रुळांना खेटून असलेल्या चिंचोळ्या जागेवर प्रभूंनी ते आखले आणि अवघ्या १३ महिन्यांच्या सुमारास ते उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथील पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. धावा लक्षात राहिल्या, वानखेड्यांचे नाव राहिले. प्रभूंचे नाव जाणकारांपुरते उरले.

१४.
प्रभूंचे दुसरे मोठे काम पिंपरी-चिंचवडच्या शेजारी आहे. मुळा नदीच्या एका काठावर वाकड, दुसऱ्या काठावर म्हाळुंगे-बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे सुमारे दीडशे एकरांवर श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. १८ होलच्या गोल्फ कोर्सलाही साधारण एवढीच जमीन लागते. पण गोल्फमध्ये ती एका खेळाची असते. येथे त्याच जागेत ॲथलेटिक्सचे मैदान, जलतरण तलाव, सायकल शर्यतीचे व्हेलोड्रोम, हॉकी, नेमबाजी, बॅडमिंटन हे सारे बसवायचे होते. प्रत्येक खेळाची मापे ठरलेली. रचनाकाराचे कौशल्य उरले ते इमारतींच्या परस्परसंबंधात, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटांत आणि पावसाच्या पाण्याच्या उतारात. २००८ मध्ये येथेच राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या.

१५.
तोवर पुण्यात जुन्या मुंबईची पुनरावृत्ती होऊ लागली होती. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळून विश्वचषकातील एक अद्भुत निकाल लावला होता. ते मैदान महानगरपालिकेच्या मालकीचे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आणि पालिका यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून बिनसले आणि असोसिएशनने शहराबाहेर स्वतःचे मैदान बांधायचे ठरवले. म्हणजे राज्यातील दोन मोठी क्रिकेट मैदाने तिकिटांच्या भांडणातून जन्मली. दुसऱ्यासाठी जागा निवडली गेली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, मावळ तालुक्यातील गहुंजे येथे.

१६.
रचनेचे काम गेले लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सकडे. मायकेल हॉपकिन्स (१९३५-२०२३) यांनी क्रिकेटच्या पंढरीत, लॉर्ड्सवर, १९८७ मध्ये माउंड स्टँडची पुनर्रचना केली होती. तेथे त्यांनी एकोणिसाव्या शतकातील विटांच्या कमानी पाडल्या नाहीत. त्या तशाच लांबवल्या आणि वर तंबूसारखे कापडी छत चढवले. साउदम्प्टनचे रोझ बाउल मैदानही त्यांच्याच कचेरीचे. १९९४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या शाही संस्थेचे सुवर्णपदक मायकेल आणि त्यांच्या पत्नी पॅटी या दोघांना मिळून देण्यात आले. तरीही २०१४ मधील बीबीसीच्या एका मालिकेत वास्तुविशारदांच्या समूहछायाचित्रातून पॅटी हॉपकिन्स यांना वगळले गेले आणि त्यावर मोठी टीका झाली. रचनाकारांचे विस्मरण होते. त्यातही स्त्रीचे अगोदर होते.

१७.
गहुंज्याचे स्टेडियम सुमारे ३७ हजार प्रेक्षकांचे. ते चहूबाजूंनी उंच भिंतींनी कोंडलेले नाही. आत बसलेल्या माणसाला सह्याद्रीच्या रांगेतील डोंगर दिसतात, वारा खेळता राहतो. हिल एंड हे नाव या मोकळेपणामुळे सार्थ ठरते. जमिनीवर आधीपासून जे आहे त्याला रचनेत घेणे, हा दिल्लीत दिसलेला गुण येथेही आहे. या मोकळेपणाची एक किंमतही आहे. छताची सावली मोजक्या भागावर पडते आणि बाकीच्या आसनांवर ऑक्टोबरचे ऊन थेट उतरते. इंग्लंडमध्ये उन्हाची वाट पाहिली जाते. मावळात त्यापासून आडोसा शोधला जातो. एकाच रेषेचा अर्थ अक्षांश बदलला की बदलतो.

१८.
आता मैदानाच्या हिशेबाकडे. सीमारेषा मध्यापासून ७० मीटरवर धरली तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १५ हजार ४०० चौरस मीटर होते. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे १५ हजार ४०० लिटर. उन्हाळ्यात गवत आणि माती मिळून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी गमावतात असे धरले, तर ते भरून काढायला रोज सुमारे ७७ हजार लिटर हवेत. शहरात माणशी १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा मापदंड लावला, तर हे साधारण ५७० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. हाच ढोबळ हिशेब दीडशे एकरांच्या गोल्फ कोर्सला लावावा. निम्म्याच जागेला पाणी दिले तरी आकडा रोजच्या १५ लाख लिटरांवर जातो. तेलकट वाळूचे ब्राऊन करणाऱ्यांना काय कळले होते, ते या आकड्यांवरून ध्यानात येते.

१९.
पवनेच्या काठावर हा हिशेब कागदावर राहत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले. धरणाचे पाणी नदीतून न सोडता बंद जलवाहिनीने थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. नदी कोरडी पडली तर काठची शेती कशी जगणार, हा त्यांचा प्रश्न होता. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला, त्यांत एक स्त्री होती. योजनेचे काम थांबवण्यात आले. गहुंज्याच्या मैदानावर पहिला रणजी सामना झाला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. रस्ता तोच, खोरे तेच. मध्ये फक्त काही महिन्यांचे अंतर होते.

२०.
२०१६ मध्ये महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. मराठवाड्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. दोन वर्षांनी नियतीने अधिकच विचित्र गाठ मारली. कावेरीच्या पाणीवाटपावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले, म्हणून चेन्नईचे सामने गहुंज्याला आणले गेले. आणि त्याच आठवड्यात, एप्रिल २०१८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने मैदानाच्या देखभालीसाठी पवनेचे पाणी देण्यास मनाई केली. एका नदीच्या वादातून निघालेला खेळ दुसऱ्या नदीच्या वादात येऊन पडला.

२१.
त्या खटल्यातील एक मुद्दा औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासासाठी मोलाचा आहे. मैदानाला मिळणारे पाणी औद्योगिक वापराच्या सदरात दाखवलेले होते. खेळाचे मैदान हा उद्योग आहे का? तिकिटे, प्रक्षेपण आणि जाहिराती पाहिल्या तर उत्तर होकारार्थी द्यावेसे वाटते. पाण्याच्या वाटपातील प्राधान्यक्रम पाहिला तर नकारार्थी. कारखाना, शेत, नळ आणि मैदान हे चारही एकाच नदीवर विसंबलेले असतात तेव्हा पाण्याच्या अर्जावरील एका शब्दाला केवढे वजन येते, ते येथे दिसते. उद्याचा इतिहासकार या पट्ट्याचा अभ्यास करील तेव्हा त्याला कारखान्यांच्या उद्घाटनाच्या शिलालेखांपेक्षा पाण्याच्या करारांतून अधिक काही सापडेल.

२२.
मैदान घडवणारा आणखी एक हात आहे, तो खेळपट्टी तयार करणाऱ्याचा. चांगले घडले तर त्याचे नाव कोणी विचारत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये गहुंज्याच्या पहिल्याच कसोटीत भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी जिंकली आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये काळ्या मातीच्या संथ खेळपट्टीवर मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि न्यूझीलंडने कसोटी ११३ धावांनी जिंकली. २०१२ नंतर भारताने मायदेशात गमावलेली ही पहिली कसोटी मालिका. फिरकीसाठी पाणी तोडून सुकवलेली माती यजमानांवरच उलटली. मातीला आणि पाण्याला बाजू नसते.

२३.
त्याच कसोटीच्या पहिल्या दिवशी, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मिळेना. संतापलेल्या लोकांनी घोषणा दिल्या आणि असोसिएशनला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ही व्यवस्थेतील त्या दिवसाची चूक होती, ती दुरुस्तही झाली. तरी इतिहासाच्या वाचकाला तिच्यात मोठे चित्र दिसावे. शेजारी नदी वाहते, सीमारेषेच्या आत गवत हिरवे आहे आणि सीमारेषेबाहेर सावलीविना बसलेला माणूस तहानलेला आहे. सावली कोठे पडावी आणि पाण्याची तोटी कोठे असावी, हाही मैदानाच्या रचनेचाच भाग आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने तर तो पहिला भाग आहे.

२४.
मग या रचनाकारांना कोणत्या मापाने मोजावे? गोल्फच्या इतिहासाने दोन गोष्टी शिकवल्या आहेत. पहिली, रचनाकाराचे नाव घ्यावे. नाव घेतले की प्रश्न विचारता येतो. निनावी मैदानाला कोणी जाब विचारत नाही. दुसरी, जेथे पाऊस वेगळा तेथे रचना वेगळी हवी. सेंट अँड्र्यूजचे गवत सेंट अँड्र्यूजच्या पावसाचे होते. येथे मैदान करायचे तर पावसाळ्याच्या चार महिन्यांचे पाणी अडवणे, शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरणे, सावलीला गवताइतकेच महत्त्व देणे या गोष्टी आराखड्याच्या पहिल्याच कागदावर असायला हव्यात. मुळगावकरांनी माळावर तळे करून घेतले ते साठेक वर्षांपूर्वी. तो धडा दूर देशी शोधावा लागत नाही, तो पिंपरीतच आहे.

२५.
चाकण, तळेगाव, गहुंजे या त्रिकोणात आज जमिनीचा भाव रोज बदलतो आहे. कारखान्यांपाठोपाठ वसाहती आल्या, वसाहतींपाठोपाठ क्लब, बागा आणि नवी मैदाने येणार. त्यांतील काहींच्या जाहिरातींत विदेशी रचनाकारांची नावे ठळक छापलेली असतील. नावे छापली जावीत, हे योग्यच आहे. वाचकाने मात्र त्या नावाखाली आणखी दोन ओळी शोधाव्यात : येथे आधी कोणाचे शेत होते आणि येथील गवत कोणत्या नदीचे पाणी पिणार आहे. या दोन ओळी छापील जाहिरातीत मिळणार नाहीत. त्या सातबाऱ्यावर आणि पाटबंधारे खात्याच्या दप्तरात मिळतील.

२६.
धागा येथे संपतो. ज्यांच्या गावात जुने मैदान आहे, मग ते तालमीमागचे असो, कारखान्याच्या वसाहतीतले असो किंवा छावणीतले, त्यांनी ते कोणी आखले याचा शोध जरूर घ्यावा. पहिला रूळ कोणी फिरवला, पावसाचे पाणी कोठून काढून दिले, विहीर कोणी खणली, हे सांगणारी माणसे अजून हयात असतील. मिळालेली माहिती नाव, गाव आणि सालासकट खाली लिहावी. पिंपरी-चिंचवडच्या आरंभीच्या औद्योगिक वसाहतींतील मैदानांविषयी काही असेल, तर तेही अवश्य लिहावे.